पिट्टीच्या ताया आणि भाताचं शीत

एक होती भिंत. भिंतीवर होता तक्ता. तक्त्यावर होतं निळं निळं तळं. आणि तळ्यात होती बदकं. एक नाही, दोन नाही, खूप खूप. पांढरी, पिवळी, ठिपक्याठिपक्यांची.

ही भिंत बोरखिंडीच्या बालवाडीची. आणि तक्ता केला होता तिथल्या मालनताईंनी. त्यांनी तळ्याखाली इंग्रजीत लिहिलं, डक. आणि अगदी शेवटी, सगळ्यात चिमुकल्या बदकाच्या शेपटीला, लाल पुठ्ठ्याचा एक एस लावला. अर्ध्या जिलेबीसारखा वळलेला.

आता हा एस म्हणजे काही साधासुधा गडी नाही बरं का. एकच बदक असलं, तर काय म्हणायचं? डक. आणि शेपटीला एस आला की? डक्स. झाली की नाही खूप बदकं? म्हणा पाहू, डक्स.

पण मालनताईंचा गोंद गेला होता वाळून. मग त्यांनी काय केलं? डब्यातलं भाताचं शीत काढलं, एसच्या पाठीला लावलं, आणि दिला एस चिकटवून. घरात भात असताना गोंद हवाय कुणाला? बसला एस घट्ट.

एकदा काय झालं, मालनताई सगळ्या मुलांना घेऊन शेजारच्या अंगणात गेल्या. कोंबडीची पिल्लं बघायला. बालवाडीत कुणी नाही. सगळं चिडीचूप.

तेवढ्यात आली एक मुंगी. तुरुतुरु, तुरुतुरु. भिंतीवर चढली. वास घेतला. भाताचा वास. मुंगीबाईंना तेवढंच हवं होतं. एसच्या मागे शिरल्या, शीत ओढलं, आणि निघाल्या घेऊन.

एस हलला. एस लोंबला. एस पडला.

टप्प.

आणि काय सांगू तुम्हाला, सगळी बदकं गुडुप. पांढरी गुडुप, पिवळी गुडुप, ठिपक्यांची गुडुप. उरलं एकच बदक. तेच, सगळ्यात चिमुकलं. तिचं नाव पिट्टी. बाकीची सगळी बदकं म्हणजे तिच्या ताया.

पिट्टीनं इकडे पाहिलं. ताया नाहीत. तिकडे पाहिलं. ताया नाहीत. एवढं मोठं तळं, आणि त्यात पिट्टी एकटी. तिला आलं रडू. रडली थोडा वेळ. मग चोच पुसली आणि तक्त्यातून उतरली खाली.

फतक फतक, फतक फतक.

चटईवर एस पडला होता उताणा. पिट्टी म्हणाली,

"एसदादा, एसदादा, चिकट ना.
म्हणजे येतील माझ्या ताया
माझ्याशी खेळाया."

एस स्वभावानं चांगला हो. लगेच उठला आणि पिट्टीच्या शेपटीला लोंबकळला. फट्. ताया हजर. पिट्टीनं पंख पसरले. ताया पुढे आल्या. आणि एस निसटला. टप्प. ताया गुडुप.

एसला ना हात, ना बोटं. नुसतं लोंबकळून लोंबकळणार किती? तो म्हणाला,

"शीत नाही, तर चिकटणं नाही."

झालं. पिट्टीनं एसला घेतलं पंखाखाली आणि निघाली मुंगीकडे. फतक फतक, फतक फतक.

मुंगी उंबऱ्यापाशी पोचली होती. शीत ओढून ओढून दमली होती बिचारी. बिचारी कसली, चोर कुठली. पण पिट्टी काही भांडली नाही. गोड आवाजात म्हणाली,

"मुंगीताई, मुंगीताई, शीत दे ना.
एस शेपटीला चिकटेल.
म्हणजे येतील माझ्या ताया
माझ्याशी खेळाया."

मुंगीनं शीत खाली ठेवलं. वर पाय देऊन उभी राहिली. रोज भात खाऊन तिला कंटाळा आला होता म्हणे. काहीतरी गोड हवं होतं. गूळ मिळाला तर भाताला विचारतो कोण? ती म्हणाली,

"गूळ नाही, तर शीत नाही."

झालं. पिट्टीनं एसला घेतलं पंखाखाली आणि निघाली बरणीकडे. फतक फतक, फतक फतक.

बरणी होती फळीवर. गुळाची बरणी. मुलांना मधल्या वेळी गूळ-शेंगदाणे मिळतात ना, तीच ही. गाल फुगवून, तोंड मिटून बसलेली. पिट्टी खालून म्हणाली,

"बरणीमावशी, बरणीमावशी, तोंड उघड ना.
मुंगीला गूळ मिळेल.
मला शीत मिळेल.
एस शेपटीला चिकटेल.
म्हणजे येतील माझ्या ताया
माझ्याशी खेळाया."

बरणी तोंड न उघडताच बोलली. कशी बोलली ते मला विचारू नका. तिचं म्हणणं असं, की जो येतो तो गूळ मागतो, हसवत कुणीच नाही. आणि हसल्याशिवाय ती तोंड उघडत नाही, हा तिचा कायदा.

मग पिट्टीनं जीभ दाखवली. डोळे फिरवले. उलटी चालून दाखवली. बरणीचा गाल हलेल तर ना. शेळी नाचली तर मला हसू येईल, असं म्हणाली. आणि वर म्हणाली,

"हसू नाही, तर गूळ नाही."

झालं. पिट्टीनं एसला घेतलं पंखाखाली आणि निघाली शेळीकडे. फतक फतक, फतक फतक.

शेळी होती दाराबाहेर, शेवग्याला बांधलेली. रवंथ करत बसली होती. चाव चाव, चाव चाव. पिट्टी म्हणाली,

"शेळीकाकू, शेळीकाकू, नाच ना.
बरणी हसेल.
मुंगीला गूळ मिळेल.
मला शीत मिळेल.
एस शेपटीला चिकटेल.
म्हणजे येतील माझ्या ताया
माझ्याशी खेळाया."

शेळीनं रवंथ थांबवलं. दाढी वर केली. ती म्हणे नाचणाऱ्यांच्या घरातली. तिची आजी नाचायची, पणजी नाचायची. तालाशिवाय नाचायला ती काय कोंबडी आहे? तिनं मान फिरवली आणि म्हणाली,

"घंटा नाही, तर नाच नाही."

झालं. पिट्टीनं एसला घेतलं पंखाखाली आणि निघाली घंटेकडे. फतक फतक, फतक फतक.

घंटा टांगली होती पडवीत. पितळेची. बालवाडी सुटली की मालनताई हीच वाजवतात. पिट्टी मान वर करून म्हणाली,

"घंटाआत्या, घंटाआत्या, वाज ना.
शेळी नाचेल.
बरणी हसेल.
मुंगीला गूळ मिळेल.
मला शीत मिळेल.
एस शेपटीला चिकटेल.
म्हणजे येतील माझ्या ताया
माझ्याशी खेळाया."

घंटेला वाजायची कोण हौस. तिनं लगेच अंग हलवलं. पण आवाज आला कसा? भद्द. पुन्हा हलवलं. भद्द. ही काय घंटा झाली? ही तर उशी झाली.

मग कळलं. घंटेच्या पोटात तो लोंबता गोळा असतो ना, लोलक, त्याला मिठी मारून एक बेडूक बसला होता. हिरवागार. डोळे मिटलेला. घंटा कानकोंडी झाली. हळूच म्हणाली,

"बेडूक उठत नाही, तर टण टण नाही."

झालं. पिट्टीनं एसला घेतलं पंखाखाली. आता कुठे जायचं? कुठेच नाही. बेडूक तिथेच तर होता. तिनं चवड्यांवर उभं राहून घंटेत डोकं घातलं आणि म्हणाली. आता सगळं म्हणायचं हं, दम घ्या.

"बेडूकमामा, बेडूकमामा, ऊठ ना.
घंटा वाजेल.
शेळी नाचेल.
बरणी हसेल.
मुंगीला गूळ मिळेल.
मला शीत मिळेल.
एस शेपटीला चिकटेल.
म्हणजे येतील माझ्या ताया
माझ्याशी खेळाया."

बेडकानं एक डोळा उघडला. मग दुसरा उघडला. त्याला ना भात हवा होता, ना गूळ, ना नाच. तो म्हणाला, "उठून काय करू? मी एकटाच आहे. एकट्यानं उड्या मारायच्या, आणि एकट्यानंच बघायच्या. त्यात काय मजा? हा गोळा तरी आहे मिठी मारायला."

आणि डोळे पुन्हा मिटून घेत म्हणाला,

"सोबती नाही, तर उठणं नाही."

पिट्टीला कसंसंच झालं. एकटं म्हणजे काय, ते तिला आता चांगलं ठाऊक होतं. तिनं पंखाखाली पाहिलं. एस होता तिथे. तिचा एस. तिच्या तायांचा एस. तो बेडकाला दिला, आणि हरवला तर? मग ताया कायमच्या गुडुप.

एसलाही भीती वाटली. स्स्स्, स्स्स् करायला लागला.

पिट्टी उभी राहिली. विचार केला. पुन्हा विचार केला. मग एसला बाहेर काढलं आणि बेडकाला म्हणाली, "घे. पळभरच हं."

बेडकाला कुठे असते शेपटी? मग एस लोंबकळला त्याच्या तंगडीला.

फट्.

एक होता फ्रॉग. झाले फ्रॉग्स. घंटेत फ्रॉग्स, घंटेवर फ्रॉग्स, घंटेच्या दोरीला फ्रॉग्स. आता कोण बसतंय मिठी मारून? टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. सगळे पडवीत. सगळे एकमेकांच्या अंगावर. बेडूक हसला. बेडूक म्हणजे सगळेच बेडूक.

पण उड्यांमध्ये एस निसटला. उडाला वर. फ्रॉग्स गुडुप, उरला एक फ्रॉग. आणि एस जाऊन बसला कुठे? घंटेला.

फट्.

एक होती बेल. झाल्या बेल्स. वाशाला बेल्स, खुंटीला बेल्स, मालनताईंच्या चपलेवरसुद्धा एक बेल. टण टण टण, टण टण टण. कान किटले. पिट्टी ओरडली, माझा एस, माझा एस. पण त्या गोंगाटात ऐकतंय कोण?

घंटेनं दिला हिसका आणि एस उडाला बाहेर. बेल्स गुडुप, उरली एक बेल. ती मात्र टण टण वाजतच राहिली, किती वेळानं मोकळी झाली होती. पिट्टी धावली एसच्या मागे. फतक फतक, फतक फतक. एस जाऊन बसला कुठे? शेळीच्या शेपटीला.

फट्.

एक होती गोट. झाल्या गोट्स. आणि घंटेचा ताल सुरूच. मग काय. शेवग्याखाली गोट्स, पायरीवर गोट्स, कौलांवर गोट्स. थय थय थय, थय थय थय. एका गोटनं मालनताईंची छत्री घेतली. एकीनं टोपली घातली डोक्यात. सगळ्यांच्या दाढ्या एकदम हलत होत्या.

बरणीनं खिडकीतून हे पाहिलं. गाल आवळून धरले. कायदा आठवला. आणखी आवळून धरले. तेवढ्यात छत्रीवाली गोट टोपलीवालीवर आपटली. संपलं. बरणीच्या पोटात खदखद खदखद सुरू झालं.

नाचता नाचता शेपटीला बसला झटका. एस उडाला खिडकीतून आत. गोट्स गुडुप, उरली एक गोट. पिट्टी मागे. फतक फतक, फतक फतक. एस जाऊन बसला कुठे? बरणीला.

फट्.

एक होती जार. झाल्या जार्स. फळीवर जार्स, फळीखाली जार्स. सगळ्या पोट धरून हसतायत. खी खी खी, खी खी खी. झाकणं उडाली. टॉक, टॉक, टॉक. आणि एक मोठा गुळाचा खडा गडगडत गडगडत गेला उंबऱ्याकडे. त्याच्याबरोबर एस. जार्स गुडुप, उरली एक जार. एस जाऊन बसला कुठे? मुंगीला.

फट्.

एक होती अँट. झाल्या अँट्स. गुळावर अँट्स, गुळाखाली अँट्स. मी आधी, मी आधी. भांडण बघवेना. पण मुंगी एवढीशी, एसचं ओझं तिला पेलतंय थोडंच? ती वाकली, आणि एस पडला.

टप्प.

अँट्स गुडुप. उरली एक अँट. तिनं गुळाला मिठी मारली. गूळ एवढा मोठा की तिचे हात पुरेनात. मग तिला आठवलं. बोललेलं पाळलं पाहिजे. तिनं शीत ढकललं पिट्टीकडे आणि म्हणाली, "ने बाई तुझं शीत."

पिट्टी धापा टाकत होती. एस समोर पडला होता, थोडा मळलेला, एका टोकाला चुरगळलेला. पण होता. तिनं त्याला पोटाशी घेतलं.

मग पिट्टी चढली तक्त्यावर. शीत लावलं एसला. एस लावला शेपटीला. डोळे मिटले.

फट्.

एस पडला? नाही पडला. एस हलला? नाही हलला. आणि एक होती डक, झाल्या डक्स. पांढऱ्या ताया, पिवळ्या ताया, ठिपक्याठिपक्यांच्या ताया. सगळ्यांनी पिट्टीला मध्ये घेतलं. आणि उलट तिलाच विचारायला लागल्या, कुठे गं हरवली होतीस तू? आम्ही केव्हाच्या शोधतोय. पिट्टीला खूप खूप आनंद झाला. नुसती तायांच्या पंखांत शिरून बसली.

मग सुरू झाला खेळ. डुबुक डुबुक, छपाक छपाक.

खेळता खेळता पिट्टी थांबली. खिडकीतून पडवी दिसत होती. पडवीत बेडूक होता. एकटाच. त्यानं एक उडी मारली. टुणुक. इकडे तिकडे बघितलं. मग तो हळूहळू निघाला घंटेकडे. त्या गोळ्याकडे.

पिट्टीनं तायांना दाखवला. ताया म्हणाल्या, पण एस तर एकच आहे, आणि तो आपल्याला लागतो. आता घट्ट चिकटलाय, काढायचा कसा?

पिट्टी म्हणाली, "एस कशाला हवा? आपण आहोत ना इतक्या जणी." आणि तळ्याच्या काठावर येऊन तिनं हाक मारली, "बेडूकमामा, ये की इकडे."

बेडूक थांबला. मागे वळला. मला म्हणतेय का? अजून कुणी बेडूक आहे का इथे? नव्हता. त्यालाच म्हणत होती.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. पडवीतून खिडकी, खिडकीतून भिंत, भिंतीवरून तळ्यात. डुबुक.

थोड्या वेळानं मालनताई आल्या. मागून मुलं आली, कोंबडीच्या पिल्लांच्या गप्पा मारत. मालनताईंनी बघितलं, बरणीचं झाकण निघालेलं. त्यांनी ते लावलं, पण काही केल्या नीट बसेना, आतून खुदुखुदु येत होतं. शेळीच्या डोक्यात टोपली कशी, तेही त्यांना कळेना. जाऊ दे म्हणाल्या, आणि मुलांना बसवलं तक्त्यासमोर. बोट ठेवून विचारलं, हे काय आहे?

मुलं म्हणाली, "डक्स."

पण पुढे बसली होती छोटी कृष्णाई. ती म्हणाली, "डक्स, आणि एक फ्रॉग."

मालनताई जवळ गेल्या. चष्मा पुसला. खरंच की. तळ्याच्या मधोमध, बदकांच्या घोळक्यात, एक हिरवागार बेडूक. हा त्यांनी कधी काढला? त्यांना आठवेना. त्या म्हणाल्या, "अगं बाई, हा इथे एकटाच कसा?"

कृष्णाईनं तक्त्याकडे नीट पाहिलं. मग ताईंकडे पाहिलं.

"एकटा कुठाय, ताई? केवढे जण आहेत."

आणि पिट्टीनं तळ्यातल्या तळ्यात बेडकाला हळूच पंखानं ढोसलं.

गोष्ट आली शेपटीला,
शीत लावलं गोष्टीला,
गोष्ट बसली घट्ट,
आता झोपा पटपट.